खाऱ्या हवेंतील जुनी मोटार

कोंकणांतील घराचें अंगण पूर्वीं तुळशीवृंदावन, भाताचें खळें आणि वैशाखांतील वाळवणें यांसाठीं असे. आतां त्यांत मोटारीची भर पडली आहे. मांडवा, सासवणें, चोंढी, किहीम आणि आमचें रेवस या पट्ट्यांत मोटारीचा विषय एकदां तरी पानावर बसल्यावर निघाला नाहीं असें घर आतां क्वचितच सांपडेल. नवी मोटार म्हटली कीं दहा-बारा लाखांची गोष्ट. निवृत्तिवेतन आणि एकाद्या मुलाचा पगार यांवर चालणाऱ्या एकत्र कुटुंबास ती सहसा झेपत नाहीं. मग जुनी घ्यावी असें ठरतें, आणि तसें ठरतांच घरांतील सारीं सुशिक्षित माणसें एकाएकीं अज्ञ होतात. पदवीधर चिरंजीव रंग पाहतात, सूनबाई आसनांचीं कापडें पाहतात, वडील मंडळी किंमत ऐकून सुस्कारा टाकतात; गाडीच्या पोटाखालीं मात्र कोणी वांकून पाहत नाहीं. आयुष्याची शिल्लक जेथें एका रकमेंत खर्ची पडावयाची तेथें ही उदासीनता बरी नव्हे, म्हणून आम्ही हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

आमचा व्यवसाय अध्यापनाचा; यंत्रशास्त्राशीं आमचा संबंध दूरचा. तथापि निवृत्तीनंतर जवळच्या नाक्यावरील एका मिस्त्रींच्या दुकानीं संध्याकाळीं बसण्याचा परिपाठ आम्हीं ठेविला आहे, आणि तेथें येणाऱ्या रोगी वाहनांचीं निदानें ऐकून व डोळ्यांनीं पडताळून जें ध्यानीं राहिलें तेंच येथें सांगतों.

हल्लीं ज्या जातीच्या गाडीवर सर्वांची दृष्टि असते तिला कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर म्हणतात. नांव अवजड असलें तरी अर्थ सोपा आहे. जुन्या जीपगाडीचा सांगाडा निराळा असे व त्यावर वरचा डबा आणून बसविलेला असे. क्रॉसओव्हरचें तसें नाहीं. साध्या मोटारीप्रमाणें तिचा डबा आणि सांगाडा एकजीव असतात; केवळ ती जमिनीपासून उंच उचललेली असते, सुमारें २०० मिलिमीटर. कांहीं गाड्यांत चारहि चाकांस गति मिळण्याची सोय असते, परंतु बहुसंख्य गाड्यांत ती पुढील दोन चाकांसच असते, आणि आमच्या रस्त्यांस तेवढें पुरतें. डबा आणि सांगाडा एकजीव असणें ही गोष्ट वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावी. अशा गाडीचा पत्रा कुजला म्हणजे केवळ कातडी कुजली असें होत नाहीं, हाडच कुजलें असें होतें.

या गाड्या आपल्याकडे इतक्या झपाट्यानें कां वाढल्या, याचें एक कारण सरकारी करांत आहे. २००६ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पानें लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलें, आणि लहान कोणती याची व्याख्या केली ती अशी: लांबी ४ मीटरांपेक्षां अधिक नसावी, आणि इंजिन पेट्रोलचें असल्यास १२०० व डिझेलचें असल्यास १५०० घनसेंटिमीटरांपेक्षां मोठें नसावें. झालें! कारखानदारांनीं फूटपट्टी हातीं घेतली. फोर्डची इकोस्पोर्ट भारतांत ३९९९ मिलिमीटर लांबीची निघाली, मारुतीची व्हिटारा ब्रेझा ३९९५ ची. कर वांचविण्यासाठीं शेपूट कापलेल्या या गाड्यांत पाठीमागचें सामान ठेवण्याचें स्थळ कां आंखूड असतें, याचा उलगडा यावरून व्हावा.

आपल्या महाराष्ट्राचा यांत आरंभींच हात होता, हें फार थोड्यांस स्मरत असेल. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत ज्या कंपनीनें पद्मिनी मोटार बनविली, त्याच प्रीमियर कंपनीनें २००९ सालीं पुण्याजवळून रिओ या नांवाची चार मीटरांच्या आंतली उंच गाडी बाजारांत आणली. पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या. रिओ त्यापूर्वींच विस्मृतींत गेली. कोणी रिओ स्वस्तांत देऊं केली तर तिच्या वेगळेपणाचें कौतुक करून हात जोडावे, कारण तिचे सुटे भाग मिळविणें ही एक तपश्चर्या आहे. खरी गर्दी झाली ती पुढें. रेनोची डस्टर २०१२ च्या जुलैंत आली, इकोस्पोर्ट २०१३ मध्यें, व्हिटारा ब्रेझा २०१६ मध्यें, आणि पुण्याजवळच्या रांजणगांवीं तयार होणारी टाटांची नेक्सॉन २०१७ मध्यें. आज जुन्या बाजारांत अडीच ते सहा लाखांच्या दरम्यान ज्या उंच गाड्या उभ्या दिसतात त्या बहुतांशीं याच.

आतां आमच्या स्थळाविषयीं दोन शब्द. रेवस हें धरमतरच्या खाडीच्या मुखाशीं वसलेलें बंदर; समोरच्या कांठावर उरणचें करंजा दिसतें. एका अंगास बोडणीच्या कोळीबांधवांचीं घरें व होड्या, दुसऱ्या अंगास खाजणें आणि भातशेती. भाऊच्या धक्क्यावरून लांच येते, परंतु रात्रीबेरात्रीं दुखणेंबाणें निघालें तर लांच उपयोगी नाहीं. अलिबाग वीस-पंचवीस किलोमीटर, आणि मुंबई रस्त्यानें वडखळ-पेण-पनवेल अशी शंभराच्या आसपास. पूल होणार, होणार, हें ऐकत आमची पिढी म्हातारी झाली. २०२० च्या मार्चांत मांडव्यास मोटारी वाहून आणणारी रो-रो नौका सुरू झाली, तेव्हांपासून मुंबईच्या गाड्या इकडे थेट उतरूं लागल्या, आणि त्यांतील कांहीं विक्रीस म्हणून इकडेच राहूं लागल्या. तेव्हां येथें मोटार ही चैन म्हणून कोणी घेत नाहीं. आजीस छातींत कळ आली तर पाऊण तासांत इस्पितळ गांठतां यावें, एवढ्यासाठीं ती घ्यावयाची असते. अशी गाडी ऐन वेळीं सुरूच झाली नाहीं, किंवा खिंडींत बंद पडली, तर तिच्या किंमतीचा हिशेब रुपयांत होत नाहीं.

लोखंडास पाणी आणि हवा मिळाली कीं तें गंजतें, हें शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. मिठानें त्या पाण्याची विद्युद्वाहकता वाढते व गंजण्याची क्रिया कित्येक पटींनीं वेगवान होते. आमच्याकडे पावसाळ्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण गंमत अशी कीं मोटारीचा खरा शत्रु पाऊस नव्हे. पाऊस गोडा असतो व तो मीठ धुऊन नेतो. शत्रु म्हणजे हिवाळ्या-उन्हाळ्यांतील खारा वारा, भरतीच्या वेळीं रस्त्यावर आलेलें पाणी, आणि मासळीच्या टेंपोंतून ठिबकत जाणारें खारें बर्फाचें पाणी. हें सर्व चाकांनीं उडून गाडीच्या पोटास चिकटतें आणि मुकाट्यानें आपलें काम करीत राहतें. वरून गाडी नवरीसारखी दिसते.

म्हणून पहिली तपासणी खालून. गाडी मिस्त्रीच्या दुकानांतील खड्ड्यावर किंवा उचलयंत्रावर घ्यावी. विकणारा यास नको म्हणाला तर बोलणें तेथेंच थांबवावें. दाराखालचा उंबरठा, ज्यास मिस्त्री लोक सिल म्हणतात, तो सबंध हातानें चांचपावा. विशेषतः जॅक लावण्याच्या जागा. पेचकसाची मूठ पत्र्यावर हलकेंच वाजवावी. धड पत्रा खणखणतो, कुजलेला दबका बोलतो. चाकांवरील कमानींच्या आंतल्या कडा, दारांच्या तळाशीं पाणी निथळण्याचीं बारीक भोकें, पुढील चाकांचा भार पेलणारी आडवी चौकट, पाठीमागचा आंस, ब्रेकच्या तेलाच्या बारीक नळ्या आणि सायलेन्सरचे सांधे, हीं सर्व एकेक करून पाहावीं. ब्रेकच्या नळीवर नुसता तांबूस डाग असला तर चिंता नको. खवले सुटत असतील तर नळी बदलल्याशिवाय गाडी हलवूं नये. उलट, ब्रेकच्या तबकड्यांवर रात्रभरांत आलेला तांबूसपणा पाहून घाबरण्याचें कारण नाहीं. चार वेळां ब्रेक दाबतांच तो पुसून जातो. आणि गाडीचें पोट सर्वत्र काळ्याभोर, ताज्या लेपानें माखलेलें दिसलें तर आनंद मानण्याऐवजीं संशय घ्यावा. गंजावर लेप फांसला म्हणजे गंज थांबत नाहीं. तो पडद्याआड जातो इतकेंच.

आमच्या तर्कशास्त्रांत स्थालीपुलाकन्याय म्हणून एक न्याय आहे: शितावरून भाताची परीक्षा. जुन्या मोटारीस तो न्याय लावूं नये. येथें प्रत्येक शीत दाबून पाहावें लागतें, कारण एक दार नवें, दुसरें कुजलें, असें सर्रास असतें.

खाऱ्या हवेहूनहि घातक म्हणजे पुरांत बुडालेली गाडी. २००५ च्या २६ जुलैस सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईच्या असंख्य मोटारी पाण्याखालीं गेल्या. २०२१ च्या जुलैंत महाड आणि चिपळूण बुडालें. अशा गाड्यांपैकीं कांहीं विमा कंपन्यांकडून लिलावांत जातात, धुतल्या-पुसल्या जातात, आणि कालांतरानें दूरच्या गांवीं ‘फार थोडी चाललेली’ म्हणून प्रकट होतात. गतवर्षीं आमचा पुतण्या अशीच एक पांढरी डिझेल गाडी पाहून हरखला होता. विकणारा मोठा गोड बोलणारा. बाजारभावाहून चाळीस-पंचेचाळीस हजारांनीं किंमत कमी. पुतण्या म्हणाला, “काका, आरशासारखी गाडी आहे, आजच विसार देऊं या.” आमच्याबरोबर आलेले मिस्त्री कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं मागच्या आसनाचा सुरक्षापट्टा धरला आणि म्हणाले, “मास्तर, हा शेवटपर्यंत ओढा.” आम्हीं ओढला. वरचा हातभर भाग स्वच्छ. त्यापुढें मात्र पट्ट्यावर मातकट रेघ, थेट आडवी, शाळेच्या पट्टीनें आंखावी तशी. पट्टा गुंडाळलेल्या स्थितींत असतां पाणी जेथवर चढलें त्याची ती खूण होती. मग आसनांचे रूळ पाहिले तर ते आंतून तांबरलेले, आणि स्टेपनीच्या खळग्याच्या कोपऱ्यांत वाळलेला गाळ. विकणाऱ्यानें पावसांत काच उघडी राहिल्याचें सांगितलें. पुतण्यास तेंहि क्षणभर पटूं पाहत होतें! आम्ही नमस्कार करून परतलों. पाणी शिरलेल्या गाडीचें इंजिन कदाचित् सुधारतां येतें, परंतु आजच्या मोटारींत तारांचे जुडगे आणि संगणकासारख्या पेट्या आसनांखालीं व पायांपाशीं लपविलेल्या असतात. त्यांचे तांब्याचे सांधे हिरवे पडले म्हणजे रोग आज येथें, उद्यां तेथें, असा फिरत राहतो व कोणत्याहि मिस्त्रीस सांपडत नाहीं. बंद काचांच्या गाडीत शिरतांच कुबट वास आला, किंवा उलट सुगंधी द्रव्याचा अतिरेक जाणवला, तरी सावध व्हावें.

अलिबाग-मुरूडकडील गाडी असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्या या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां आंबे, फणस, नारळ उन्मळून कित्येक मोटारींवर पडले. छप्पर ठोकून सरळ करतां येतें, पण तिरप्या उन्हांत पाहिलें तर लाटा दिसतात, आणि आंतलें छताचें अस्तर इतर भागांपेक्षां नवें असतें. दारांवर व बोनेटवर रंग पुन्हां दिला आहे कीं काय हें ओळखण्यास बोनेटच्या बिजागरीचे बोल्ट पाहावे; कारखान्यांतून आल्यानंतर पान्हा लागला असेल तर त्यांचा रंग कोनांवर उडालेला असतो. सर्व काचांच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांत निर्मितीचें साल सांकेतिक रीतीनें छापलेलें असतें. एकच काच निराळ्या सालाची असली तर कां, तें विचारावें. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढील दोन सालाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीहि खोल दिसली तरी सहा-सात वर्षांपलीकडचें रबर कठीण होतें, आणि ओल्या रस्त्यावर तें दगा देतें.

आतां इंजिनाकडे वळूं. गाडी पाहावयास जाण्यापूर्वीं विकणाऱ्यास बजावून सांगावें कीं ती आधीं सुरू करून ठेवूं नये. पोंचतांच बोनेटवर हात ठेवावा. ऊन लागलें तर लपविण्यासारखें कांहीं आहे असें समजून दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां जावें. थंड इंजिन खरें बोलतें. सुरू होतांना धुराचा रंग पाहावा: निळसर धूर म्हणजे इंजिनांतील तेल जळत आहे, काळा म्हणजे इंधन पुरतें जळत नाहीं, आणि गरम झाल्यावरहि पांढरा धूर राहिला तर थंड ठेवणारें पाणी आंत शिरत आहे. इंजिन चालू असतां तेल भरण्याचें झांकण काढून पाहावें; थोडी वाफ चालते, परंतु भट्टीच्या भात्यासारखे हिसके येत असतील तर आंतील कड्या झिजल्या. पाण्याच्या टांकींत तेलाचा तवंग दिसला तर पुढचें कांहीं पाहण्याचें प्रयोजन उरत नाहीं.

प्रत्येक गाडीचे स्वभावदोष मात्र निराळे. इकोस्पोर्टचा १.५ लिटर डिझेल किंवा पेट्रोल नमुना, हातानें गियर बदलण्याचा असेल, तर बराच सरळ समजावा. तिचा १ लिटरचा टर्बो पेट्रोल नमुना मोठा चपळ, पण त्याच्या पोटांत एक गोम आहे. इंजिनांतील झडपांस गति देणारा पट्टा, टायमिंग बेल्ट, त्यांत तेलांतच बुडून फिरतो. वेळेवर तेल बदललें नाहीं किंवा भलतेंच तेल घातलें तर त्या पट्ट्याचें रबर सुटून कण होतात, ते तेलाची जाळी बुजवितात, आणि तेलावांचून इंजिन भाजून निघतें. त्या नमुन्याच्या तेलबदलाच्या पावत्या एकामागून एक पाहावयास मिळाल्या तरच पुढें जावें. २०१७ पर्यंतच्या आपोआप गियर बदलणाऱ्या इकोस्पोर्टमध्यें दोन कोरड्या क्लचांची योजना होती. ती संथ रहदारींत थरथरते, अशा तक्रारी जगभर झाल्या. २०१७ च्या अखेरीस तिच्याऐवजीं निराळी, अधिक भरंवशाची योजना आली. मागील दारावर स्टेपनी टांगलेली असल्यानें त्या दाराच्या बिजागऱ्या कालांतरानें खचतात. दार किंचित् उचलून हलवावें, खडखडलें तर समजावें. फोर्डनें २०२१ च्या सप्टेंबरांत भारतांतील उत्पादन बंद करीत असल्याचें जाहीर केलें. सुटे भाग अद्यापि मिळतात, परंतु सेवाकेंद्रें विरळ झालीं, आणि रेवससारख्या टोंकाच्या गांवीं ही गोष्ट किंमतींतून वजा केलीच पाहिजे.

डस्टर ही मोठ्या कुटुंबास अधिक सोयीची. तिची लांबी ४३१५ मिलिमीटर, म्हणजे ती चार मीटरांच्या हिशेबांत बसतच नाहीं. खड्ड्यांवरून ती ज्या गांभीर्यानें जाते तें पाहून आमच्यासारख्या कंबर दुखणाऱ्यांस ती आवडते. तिचें १४६१ घनसेंटिमीटरचें डिझेल इंजिन ८५ आणि ११० अश्वशक्तीच्या दोन प्रकारांत येई. घरगुती उपयोगास ८५ पुरे. ११० चा क्लच जड, आणि बदलण्याचा खर्च डोळ्यांत पाणी आणणारा. दोन्हींत टायमिंग बेल्ट आहे. तो तुटला तर झडपा व दट्ट्ये एकमेकांवर आदळून इंजिनाचा चुराडा होतो. म्हणून तो कधीं व कोठें बदलला याचा लेखी पुरावा नसेल तर ‘बदललेला नाहीं’ असेंच धरून त्याचा खर्च किंमतींतून मागावा. सुकाणूंतील खडखड आणि वातानुकूलनाचा मंदपणा हे डस्टरचे नेहमींचे दोष. पहिला वळणांत कळतो, दुसरा दुपारीं बाराच्या उन्हांत.

ब्रेझाविषयीं फार लिहावयास नको. तिचें १२४८ घनसेंटिमीटरचें डिझेल इंजिन मूळ फिआटच्या घराण्यांतलें. तेंच स्विफ्ट व डिझायरमध्यें लक्षावधींनीं गेलें, त्यामुळें कोणताहि खेड्यांतला मिस्त्री तें झोंपेंत खोलूं शकतो. त्यांत पट्ट्याऐवजीं सांखळी आहे. थंड असतां पहिल्या दोन-तीन सेकंदांत सांखळीचा खळखळाट झाला व तो टिकला तर सावध राहावें. डिझेल ब्रेझा २०२० सालीं थांबली. चांगल्या ब्रेझाची किंमत उतरत नाहीं, हाच तिचा मोठा दोष!

पेट्रोलच्या गाडीविषयीं एक नवी काळजी. हल्लीं पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल असतें, आणि २०२३ पूर्वींच्या पुष्कळ गाड्या त्या प्रमाणासाठीं आंखलेल्या नव्हत्या. अशा गाडीच्या इंधनमार्गांतील रबरी नळ्या व वेष्टणें चिरलेलीं किंवा फुगलेलीं नाहींत ना, हें मिस्त्रीकडून पाहून घ्यावें.

यानंतर गाडी चालवून पाहावी, आणि ती सपाट रस्त्यावर नव्हे. आमच्या बाजूस कार्लेखिंडीचा चढ ही उत्तम परीक्षा आहे. तिसऱ्या गियरमध्यें चढ घेतांना जोर दिला असतां इंजिनाचा आवाज वाढला पण वेग वाढला नाहीं तर क्लच संपला. उतारावर मोकळ्या रस्त्यांत ब्रेक दाबतां गाडी एका अंगास ओढली तर तें ध्यानीं ठेवावें. गतिरोधकावरून सावकाश जातांना पुढून ‘टक्’ असा आवाज आला तर चाकांच्या भुजांची रबरें गेलीं. हा दोष लहान, आणि घासाघीस करण्यास उपयुक्त. चालविणाऱ्यानें काचा खालीं घेऊन रेडिओ बंद ठेवावा. विकणारा नेमका त्याच वेळीं गाणीं लावतो, हा आमचा अनुभव आहे.

किती किलोमीटर चालली, हा आंकडा तर कधींच वेदवाक्य मानूं नये. तो मागें फिरविणारे कारागीर शहरांतून बसलेले आहेत. क्लचच्या पायटीवरील रबर गुळगुळीत, सुकाणूचक्राचें कातडें तुळतुळीत, चालकाच्या आसनाची कड दबलेली, आणि आंकडा मात्र पस्तीस हजार, असें असेल तर खरें कोण तें वाचकांनींच ठरवावें. अधिकृत सेवाकेंद्रांत प्रत्येक भेटीच्या वेळीं किलोमीटर नोंदतात. गाडीच्या क्रमांकावरून जुन्या नोंदी काढवून घ्याव्या.

कागदपत्रांचें प्रकरण रूक्ष आहे, पण त्यांत चूक झाली तर गाडी निर्दोष असूनहि फुकट. नोंदणीपुस्तकावरील इंजिन क्रमांक व सांगाड्याचा क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष ताडून पाहावे. कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचा नमुना ३५ हवा. हस्तांतरासाठीं नमुना २९ व ३०. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें त्याच राज्यांत विकणाऱ्यानें १४ दिवसांत कळवावयाचें आणि घेणाऱ्यानें ३० दिवसांत अर्ज करावयाचा. रायगडची नोंदणी एम्. एच्. ०६ म्हणून पेण येथें होते, पनवेलकडची ४६ म्हणून. दुसऱ्या कार्यालयांतील गाडी असेल तर नमुना २८ चें ना-हरकत पत्र आधीं मागावें. थकलेले दंड सरकारी संकेतस्थळावर क्रमांक घालून पाहतां येतात. विमा आपल्या नांवावर १४ दिवसांत करून घ्यावा. दावा न केल्याबद्दलची सूट, जी पांच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढते, ती माणसाची असते, गाडीची नव्हे. विकणारा ती बरोबर देतों म्हणाला तर त्यास कायदा ठाऊक नाहीं, किंवा फार चांगला ठाऊक आहे.

दिल्लीकडची डिझेल गाडी स्वस्त कां, हेंहि सांगितलें पाहिजे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं राजधानीच्या परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस मनाई केली आणि २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली. तेव्हांपासून तेथील गाड्यांचा ओघ इतर प्रांतांकडे लागला. त्यांत चांगल्याहि असतात. पण येथील कर, ना-हरकत पत्र आणि पुनर्नोंदणी यांचा हिशेब घातल्यावर स्वस्ताई बहुधा विरघळते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढें पांच-पांच वर्षांनीं नवी करावी लागते, आणि त्या वेळीं तपासणी, वाढीव शुल्क व हरित कर असें सर्व येतें. २०१३ सालच्या गाडीचें तें वर्ष २०२८. म्हणजे फार दूर नाहीं.

सुरक्षिततेविषयीं गृहिणींनीं आग्रह धरावा, कारण पुरुषमंडळी येथें काटकसर करतात. जुन्या गाड्यांचे सर्वांत स्वस्त नमुने हवेच्या उशांवांचून, म्हणजे एअरबॅगवांचून, विकले जात. २०१७ सालीं ग्लोबल एन्कॅप संस्थेनें डस्टरचा असा बिनउशीचा नमुना आदळून पाहिला, तेव्हां मोठ्या माणसांच्या रक्षणास त्यास शून्य तारे मिळाले. पुढें दोन उशांच्या ब्रेझास २०१८ मध्यें चार, आणि त्याच वर्षअखेरीस नेक्सॉनला पांच तारे मिळाले. चावी फिरवितांच एअरबॅगचा दिवा लागून कांहीं सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाहीं तर अपघातांत उशा उडून गेल्यावर नव्या न बसवितां नुसता दिवा तोडलेला असण्याचा संभव आहे. ज्या आसनावर नातवंडास घेऊन आजी बसणार तेथें तीस-चाळीस हजारांची बचत आम्हांस तरी करवणार नाहीं.

भाव करतांना एक युक्तिवाद हल्लीं उपयोगी पडतो. २०२५ च्या सप्टेंबरांत वस्तु व सेवा कराचे दर बदलले आणि चार मीटरांच्या आंतल्या लहान मोटारी १८ टक्क्यांच्या दरांत आल्या. नव्याच स्वस्त झाल्यावर जुन्यांचे पूर्वींचे भाव कोणत्या न्यायानें टिकावेत? ठरलेल्या रकमेचा निदान दहावा हिस्सा बाजूस ठेवावा, कारण गाडी घरीं येतांच इंजिनाचें, गियरचें व ब्रेकचें तेल, गाळण्या, थंड ठेवणारें पाणी आणि संशय असल्यास टायमिंग बेल्ट हीं सर्व बदलावयाचीं असतात. बॅटरीहि तपासावी, रात्रीं अडविणारी तीच.

रेवसला गाडी ठेवावयाची तर ती शक्यतों घराच्या आडोशास, वाऱ्याच्या उलट बाजूस उभी करावी. अंगालगत प्लास्टिकचें आवरण घालूं नये. खालीं दंव कोंडून राहतें. खालील लेप पावसाळ्यापूर्वीं, पोट पूर्ण वाळवून आणि गंज खरवडून मगच द्यावा. आणि आठवड्यांतून एकदां, दिवाळीपासून ज्येष्ठापर्यंत, पाइपानें पोट धुवावें. या धुण्याविषयीं एक सूचना: खाजणालगतच्या पुष्कळ विहिरींचें पाणी फाल्गुनानंतर मचूळ होतें, आणि तेंच गाडीच्या पोटावर मारलें तर मीठ निघण्याऐवजीं आणखी बसतें. पाइप लावण्यापूर्वीं ओंजळभर पाणी चाखून पाहावें. जिभेस खारट लागलें तर त्या दिवशीं नळाच्या दोन बादल्यांवर भागवावें.